मार्करने कन्सेप्ट आर्ट: आधी राखाडी, मग रंग

सिनेमा, गेम किंवा ॲनिमेशनमधली एखादी वस्तू, वाहन, जागा किंवा पात्र कसं दिसेल हे ठरवण्यासाठी काढलेलं चित्र म्हणजे कन्सेप्ट आर्ट. ते भिंतीवर टांगायचं नसतं. थ्रीडी मॉडेल करणाऱ्याला, सेट उभारणाऱ्याला आणि दिग्दर्शकाला ते बघून निर्णय घ्यायचा असतो. आज हे काम बहुतेक जण टॅबलेटवर करतात, पण हात आणि डोळा तयार करायला मार्कर अजूनही उत्तम. त्यात अनडू नाही, छटा मोजक्या, आणि एकदा गडद झालेला भाग पुन्हा उजळत नाही. त्यामुळे उजेड कुठून येतो आणि कोणता भाग पुढे दिसायला हवा हे कागदाला निब लावायच्या आधीच ठरवावं लागतं. संगणक येण्याआधी मोटारींच्या डिझाइन स्टुडिओंत हीच पद्धत रोजची होती, आणि पुढच्या बऱ्याच युक्त्या तिथल्याच आहेत.

उदाहरणासाठी एकच विषय धरू: एखाद्या किनारी शहरातल्या पुराच्या गेमसाठी, पाण्यावर तरंगू शकणारी, बचावकार्याची तीनचाकी रिक्षा. रंगवलेला पिवळा पत्रा, काळं रबर, रेक्झिनचं हूड, काच, क्रोम आणि गढूळ पाणी असे मार्करला वेगवेगळ्या प्रकारे हाताळायला लावणारे पृष्ठभाग त्यात एकत्र येतात.

मार्कर कोणते घ्यायचे

स्टेशनरीच्या दुकानात स्वस्तात मिळणारे स्केचपेन आणि बहुतेक ब्रशपेन पाण्याच्या शाईचे असतात. अक्षरलेखनाला ते छान, पण मोठा भाग भरायला घेतले की दोन फटकारे जिथे एकमेकांवर येतात तिथे गडद पट्टा उमटतो. तिसऱ्यांदा निब फिरवली की कागदाचे तंतू सुटून बारीक गोळ्या होतात. कन्सेप्ट आर्टसाठी अल्कोहोलच्या शाईचे मार्कर लागतात. अल्कोहोल चटकन उडून जातं, आणि नवा फटकारा खालच्या थरातला रंग पुन्हा थोडा विरघळवतो, म्हणून दोन्ही एकजीव होतात. वेष्टनावर तसं लिहिलेलं असतं. नसेल तर टोपण उघडल्यावर येणारा स्पिरिटचा वास पुरेसा आहे. वासावरून आठवलं: काम करताना खिडकी उघडी ठेवा, मात्र पंख्याचा झोत थेट कागदावर नको. कारण पुढे येईल.

दोन तोंडांचे मार्कर घ्या, एका टोकाला छिन्नीसारखी तिरकी रुंद निब आणि दुसऱ्या टोकाला ब्रश. काही संचांत ब्रशऐवजी गोल टोकाची कडक निब असते. वाहनं, इमारती आणि यंत्रांसाठी तीही चालते, पण माणसं, कापड आणि झाडांना ब्रश हवाच. रुंद निब तर अजिबात टाळू नका. पूर्ण टेकवली की जाड पट्टा, कडेवर धरली की मध्यम रेषा आणि नुसत्या कोपऱ्याने बारीक रेषा, अशा तीन जाडी एकाच निबेतून निघतात.

ब्रँडचा प्रश्न इतका गुंतागुंतीचा नाही. जपानचे कॉपिक मार्कर १९८७ पासून बाजारात आहेत. त्यांची शाई पुन्हा भरता येते आणि झिजलेली निब बदलता येते. सुटा मार्कर महाग वाटतो, पण रोज वापरणाऱ्याला तो वर्षानुवर्षं पुरतो. कॉपिक स्केचमध्ये ३५८ रंग आहेत आणि सियाओ या लहान, स्वस्त प्रकारात १८०. दोन्हींच्या निबा सारख्याच, म्हणून सुरुवातीला सियाओ घेतला तरी काही अडत नाही. ब्रस्ट्रो, ओहूहू यांसारखे संच बरेच स्वस्त पडतात आणि शिकायला पुरेसे आहेत. फक्त रिफिल आणि सुट्या निबा मिळतात का, हे घेण्याआधी बघा. आमचा सल्ला: राखाडी छटा चांगल्या ब्रँडच्या सुट्या घ्या आणि रंग स्वस्त संचातून भागवा. कारण राखाडी सर्वांत आधी संपतात आणि एका मालिकेतल्या छटांचा क्रम बिघडला तर सगळं चित्र बिघडतं.

कॉपिकवरचे सांकेतिक आकडे वाचता आले तर खरेदी सोपी होते. अक्षर रंगाचं कुटुंब सांगतं, पहिला आकडा रंग किती मळकट आहे ते सांगतो आणि शेवटचा किती गडद आहे ते. ‘ई-३७’ म्हणजे मातकट कुटुंबातला, बऱ्यापैकी शुद्ध, गडद तपकिरी. दोन छटा एकमेकींत मिसळायच्या असतील तर अक्षर आणि पहिला आकडा तोच ठेवून शेवटच्या आकड्यात दोन-तीनचा फरक ठेवावा. राखाड्यांची चार कुटुंबं आहेत. त्यांतली सी ही निळसर, डब्ल्यू तपकिरीकडे झुकणारी, एन तटस्थ. चौथं कुटुंब, टी, सुरुवातीला सोडून दिलं तरी चालेल.

सुरुवातीला १३ मार्कर पुरतात. निळसर राखाडी १, ३, ५ आणि ७, एक काळा, तपकिरीकडे झुकणारे राखाडी ३ आणि ५. मग फिकट पिवळा, गडद पिवळा, गेरूसारखा एक, गडद तपकिरी, आकाशी आणि मळकट हिरवा. मधल्या २, ४, ६ छटा मुद्दामच सोडल्या आहेत. तोच मार्कर सुकल्यावर दुसऱ्यांदा फिरवला की जवळपास पुढची छटा मिळते, म्हणजे ४ राखाड्यांतून ८ पायऱ्या होतात. ६० रंगांचा संच घेऊन त्यात दोनच राखाडी निघाले, तर ते पैसे वायाच.

कागद, पेन आणि किरकोळ वस्तू

कागदावर कंजुषी केली तर महाग मार्करही हात टेकतो. चित्रकलेच्या तासाचा कार्ट्रिज पेपर इथे कामाचा नाही. तो खरखरीत आणि शोषक असतो, शाई रेषेबाहेर फुटते, आणि मार्कर पाहता पाहता रिकामा होतो. खास मार्कर पॅडचा कागद साधारण ७० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ७० ग्रॅम), पातळ आणि मागून थर दिलेला असतो. शाई वर राहते, रंग उजळ दिसतो, आणि खाली ठेवलेलं कच्चं रेखाटन वरून दिसतं, म्हणून ट्रेसिंगही होतं. छटा मिसळायला मात्र तो जरा हट्टी आहे. गुळगुळीत ब्रिस्टल बोर्ड, २०० ते २५० जीएसएमचा, जास्त शाई पितो पण छटा सुरेख मिसळू देतो. रोजच्या सरावासाठी १०० जीएसएमचा गुळगुळीत बॉन्ड पेपर सर्वांत व्यवहारी. त्यातून शाई आरपार जाते, म्हणून खाली रद्दीतला जाड कागद ठेवायचाच. दुकानात जाताना स्वतःच्या कागदाचा तुकडा सोबत न्या आणि मार्कर त्याच्यावरच फिरवून बघा.

रेषेसाठी पिगमेंट शाईचं फाइनलायनर, म्हणजे बारीक टोकाचं रेखाटनाचं पेन, हवं. साकुराचं पिग्मा मायक्रॉन किंवा युनी पिन, ०.१, ०.३ आणि ०.८ अशा तीन जाड्यांत. त्यांची शाई सुकल्यावर अल्कोहोलने विरघळत नाही, पण पाच-दहा मिनिटं थांबावं लागतं. बॉलपेनची शाई तेलकट असते, ती अल्कोहोलमध्ये विरघळते आणि पिवळ्या पत्र्यावर निळी-काळी झाक पसरते. जेल पेनचाही भरवसा नाही. शिसपेन्सिलच्या रेषा रंगवण्याआधी पुसून टाका, कारण मार्करखाली गेलेलं शिसं पुढे खोडरबरने निघत नाही आणि फिकट निबही मळते.

पांढऱ्यासाठी सिग्नोसारखं पांढरं जेल पेन आणि पांढऱ्या पोस्टर कलरची एक बाटली, सोबत ० नंबरचा ब्रश. याशिवाय पांढरी रंगीत पेन्सिल, फिकट निळी पेन्सिल, मास्किंग टेप, पट्टी, कापूस, ड्राय पेस्टलच्या दोन कांड्या आणि टाल्कम पावडर.

तक्ता

टोपणाचा रंग आणि कागदावरचा रंग क्वचितच जुळतात. ज्या कागदावर काम करणार त्याच कागदावर प्रत्येक मार्करचा २ सेंटिमीटरचा चौकोन भरा, तो सुकू द्या, मग अर्ध्या भागावर दुसरा थर द्या. ओला रंग गडद दिसतो, सुकल्यावर उजळतो. ओला असतानाच ठरवलेली छटा हमखास चुकते. पिवळ्याच्या चौकोनावर प्रत्येक राखाडीचा एक पट्टाही मारून ठेवा. निळसर राखाडी पिवळ्यावर गेला की शेवाळासारखा हिरवट होतो, आणि हे आधी तक्त्यावर दिसलेलं बरं.

पायरी १: छोटी चित्रं

एका पानावर ६ × ९ सेंटिमीटरच्या ८ ते १२ चौकटी आखा. पेन बाजूला ठेवा. फक्त राखाडी ३ आणि राखाडी ७ घेऊन, रुंद निबेनेच, रिक्षाची बाह्याकृती भरा. तिसरी छटा म्हणजे कोरा कागद. एका चौकटीला तीन-चार मिनिटांपेक्षा जास्त देऊ नका. एकीत तरंगणारे फुगे बाजूला, एकीत खाली, एकीत हूड उंच आणि मागे शिडी, असे बदल करत जा. पान हातभर लांब धरून बघा. जी आकृती नुसत्या काळ्या सावलीतही ‘रिक्षा, पण वेगळी’ अशी ओळखू येते ती निवडा. सुंदर रंगवलेली पण बाह्याकृतीत हरवणारी कल्पना इथेच सोडून द्यावी लागते. पुढे कितीही छटा चढवल्या तरी ती सुधारत नाही.

पायरी २: पर्स्पेक्टिव्ह

नेहमीची प्रवासी रिक्षा साधारण २.६ मीटर लांब, १.३ मीटर रुंद आणि १.७ मीटर उंच असते. म्हणजे ढोबळमानाने २ : १ : १.३ या प्रमाणाचा खोका. फिकट निळ्या पेन्सिलीने दोन लोपबिंदू (लांब जाणाऱ्या समांतर रेषा जिथे मिळताना दिसतात ते बिंदू) धरून हा खोका काढा. दोन्ही लोपबिंदू कागदाच्या आत घेतले की गाडी ताणल्यासारखी दिसते. A४ कागदावर काम असेल तर किमान एक बिंदू कागदाबाहेर टेबलावर टेपने खूण करून ठेवा. क्षितिजरेषा रस्त्यावर उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर घेतली की ती हूडच्या जरा खालून जाते आणि वाहन खऱ्या मापाचं वाटतं.

चाकं हा सर्वांत जास्त चुकणारा भाग. तिरकं बघितलं की चाक लंबवर्तुळ दिसतं, आणि त्या लंबवर्तुळाचा लहान अक्ष चाकाच्या आसाच्या रेषेतच यायला हवा. तो उभा-आडवा धरला की चाक वाकलेलं, निखळत आलेलं दिसतं. मागची दोन चाकं एकाच आसावर आहेत, म्हणून आधी आसाची रेषा आणि मग तिच्यावर दोन लंबवर्तुळं. शेजारी एक उभा माणूस साध्या रेषेत काढून ठेवा. त्याच्याशिवाय मॉडेल करणाऱ्याला माप कळत नाही.

पक्क्या रेषा फाइनलायनरने काढा. बाहेरची कड ०.८ ने, आतले जोड ०.३ ने, रेक्झिनची शिवण आणि बारीक खिळे ०.१ ने. उजेडाच्या बाजूच्या रेषा बारीक आणि तुटक ठेवल्या तर रंग चढल्यावर चित्र जड होत नाही.

पायरी ३: झेरॉक्सच्या दुकानात

मूळ रेखाटनावर कधीच रंग लावू नका. १०० जीएसएमचे स्वतःचे कागद घेऊन जा आणि लेझर मशिनवर चार-पाच प्रती काढून घ्या. अल्कोहोल मार्करने चांगल्या मशिनचा टोनर सहसा पसरत नाही, तरी एका कोपऱ्यावर आधी तपासा. इंकजेटच्या प्रती टाळा, त्यांची रेष फुटू शकते. फिकट निळ्या पेन्सिलीच्या रेषा झेरॉक्सवर बहुतेक उमटत नाहीत. उमटल्याच तर प्रत थोडी उजळ काढायला सांगा. एक प्रत बिघडली तर दुसरी तयार, एवढ्यानेच हाताची भीती निम्मी होते.

पायरी ४: पहिली प्रत, फक्त राखाडी

उजेडाची दिशा बाणाने समासात लिहा. समजा, तो डाव्या वरच्या बाजूने, किंचित समोरून येतोय. मग हूडचा वरचा भाग कोरा कागद, समोरची बाजू राखाडी १ ते ३, उजवी बाजू राखाडी ५, आणि चाकांखालची, हूडच्या आतली जागा राखाडी ७. काळा अजून नाही. फिकटाकडून गडदाकडे जायचं, कारण उलटं केलं तर फिकट निब गडद शाई उचलते आणि ती पुढे ओढत नेते.

फटकारे मारताना भागाची एक कड ओली ठेवत पुढे सरका. पुढचा पट्टा मागच्या ओल्या कडेला थोडा चढवत न्यायचा. मध्ये थांबलात किंवा पंख्याने कड सुकली, की तिथे पट्टा पडतो. दिशा पृष्ठभागाच्या कलाप्रमाणे: उभ्या बाजूला उभे, गोलाव्याला गोलावा धरून. रेषेच्या आत मिलिमीटरभर जागा सोडून थांबा, शाई स्वतःहून तिथवर पोहोचते. सरळ कड हवी असेल तर पट्टीला मार्कर लावण्यापेक्षा कागदाची पट्टी ठेवून तिच्यावरूनच फटकारा मारा. पट्टीच्या कडेला शाई साचते आणि ती उचलताना डाग पडतो.

ही प्रत सुकली की मोबाइलवर तिचा कृष्णधवल फोटो काढा. तळहाताएवढ्या फोटोतही उजेड आणि आकार कळत असतील तरच रंगाकडे वळा.

पायरी ५: दुसरी प्रत, रंग

पिवळा रंग चुका झाकत नाही. त्याची सावली राखाडीने करू नका. आधी फिकट पिवळा सगळ्या पत्र्यावर, फक्त वळणावरची चमक कोरी सोडून. तो ओलसर असतानाच सावलीच्या बाजूला गडद पिवळा, सुकल्यावर गेरूचा थर, आणि सर्वांत खोल कोपऱ्यात थोडा तपकिरी. सावलीच्या अगदी खालच्या कडेला एक अरुंद पट्टा पुन्हा उजळ सोडा. पाण्यावरून परत आलेला उजेड तिथे पडतो आणि पत्रा गोल दिसायला लागतो.

मोठ्या गोलाव्यावर हळुवार उतार हवा असेल तर मार्करशी झगडू नका. ड्राय पेस्टल ब्लेडने खरवडून भुकटी करा, तेवढीच टाल्कम पावडर मिसळा आणि कापसाने फिरवा. कड खोडरबरने साफ होते. मात्र पेस्टल नेहमी मार्करनंतर. भुकटीवर मार्कर फिरवला की निब बुजते.

रबराला पूर्ण काळा लावला की तिथे भोक पडल्यासारखं दिसतं. टायरला राखाडी ७, वरच्या कडेला राखाडी ५, आणि काळा फक्त खाचांत. रेक्झिनचं हूड निस्तेज असतं, म्हणून डब्ल्यू-३ वर डब्ल्यू-५ च्या सुरकुत्या, आणि पांढरी चमक अजिबात नाही. क्रोमचा हेडलाइट उलट: वरून आकाशी उतरत कोरा कागद, मग अचानक काळी क्षितिजरेषा, तिच्याखाली तपकिरी आणि पुन्हा उजेड. क्रोमला स्वतःचा रंग नसतोच, आजूबाजूचं आकाश आणि जमीन त्यात उमटते. काचेवर आकाशीचा एक तिरका पट्टा सोडून बाकी भागात आतलं अंधारं दृश्य राखाडी ५ आणि ७ ने सुचवा. चालकाची मान आणि हँडल दिसलं की काच आपोआप पारदर्शक वाटते.

पाण्याला निळा लावायचा मोह आवरा. पुराचं पाणी गढूळ असतं: डब्ल्यू-३, त्यावर गेरू आणि तपकिरीचे आडवे फटकारे, मध्ये कोऱ्या फटी. प्रतिबिंब वस्तूच्या बरोबर खाली येतं, बाजूला नाही. गडद भाग पाण्यात किंचित उजळ आणि उजळ भाग किंचित गडद दिसतो, एवढं पाळलं तरी बरंच साधतं.

पार्श्वभूमीला पूर्ण शहर काढायची गरज नाही. रिक्षाच्या उजळ बाजूमागे मळकट हिरव्या-राखाडीचा एक रुंद, मोकळा आयत मारा. रिक्षाची आकृती दुसऱ्या प्रतीतून कापून टेपने झाकण म्हणून वापरली की कड स्वच्छ राहते.

पायरी ६: काळा आणि पांढरा

शेवटची पाच मिनिटं. काळा फक्त चाकांखाली, हूडच्या आत आणि जोडांच्या सांध्यात. पांढरं जेल पेन पाऊस लागलेल्या कडांवर, हेडलाइटवर एक ठिपका, काचेच्या काठावर. पेन मार्करच्या ओल्या थरावर चालत नाही, त्याच्या टोकात रंग शिरतो, म्हणून पूर्ण सुकू द्या. मोठी चमक हवी तिथे पोस्टर कलर घट्टच लावा. पातळ केला तर खालचा रंग वर येतो. नवशिक्यांची चित्रं अनेकदा इथेच चकचकीत होऊन बिघडतात: दहा ठिकाणी चमक असली की नजर कुठेच ठरत नाही.

मग समासात टिपा: फुगा कोणत्या पदार्थाचा, शिडी कुठे दुमडते, चाकाचा व्यास किती. बाणासह, वाचता येईल अशा अक्षरात. शेजारी बिजागरीचं किंवा पाण्यात चालवायच्या पंख्याचं मोठं रेखाटन द्या. मॉडेल करणारा रंगाआधी हेच शोधतो.

बिघडलं तर

पट्टे पडले असतील तर तो भाग पूर्ण सुकू द्या आणि त्याच मार्करने सगळ्या भागावर सलग, भरपूर ओला थर द्या. फक्त पट्ट्यावर फिरवलं तर नवे पट्टे येतात. रंग रेषेबाहेर गेला असेल तर रंगहीन ब्लेंडर, म्हणजे बिनरंगाच्या अल्कोहोलचा मार्कर, बाहेरून आत फिरवा. तो खोडरबर नाही, शाई मागे ढकलतो, आणि गडद रंग पूर्ण जात नाही. मग पार्श्वभूमी तिथवर वाढवणं हा प्रामाणिक उपाय. फिकट निब मळली तर रद्दी कागदावर स्वच्छ रंग येईपर्यंत ओढा. पावसाळ्यात कागद दमट होऊन वाकतो आणि शाई सुकायला वेळ लागतो, म्हणून पॅड बंद प्लॅस्टिक पिशवीत ठेवा.

स्कॅन ३०० डीपीआयवर (दर इंचाला ३०० ठिपके) करा. A४ चं चित्र मग सुमारे २४८० × ३५०८ पिक्सेलचं होतं. स्कॅनरची आपोआप रंग सुधारणा बंद ठेवा, नाहीतर राखाडी १ आणि फिकट पिवळा पांढऱ्यात विरून जातात. चित्राशेजारी तक्त्याचा तुकडाही स्कॅन केला की संगणकावर रंग जुळवता येतात. मार्करची शाई उजेडात फिकी पडते, म्हणून मूळ कागद फाइलमध्ये, अंधारात. आणि मार्कर आडवे ठेवा. उभे ठेवले तर शाई खालच्या टोकाला उतरते आणि वरची निब कोरडी पडते.